चौथ्या जागेचे मत मी कशावरून दिले?

कासारवडवलीची रहिवासी

१५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेचे मतदान झाले, त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. घरात आणि सोसायटीत तो काढला की विषय लगेच पक्षांवर जातो, म्हणून येथे सविस्तर मांडते.

ठाणे महापालिकेत १३१ नगरसेवक निवडायचे असतात आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. त्यामुळे एकाच मतदाराला अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबावे लागते. पहिल्या जागेवरील उमेदवाराचे काम मी स्वतः पाहिलेले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेसाठी पक्ष बघून मत दिले. चौथ्या जागेवर मात्र मला एकही उमेदवार माहीत नव्हता आणि त्या जागेपुरते पक्षाबद्दलही माझे मन द्विधा होते. माझे बोट एका नावावरून पुढे सरकले आणि त्याच्या खालच्या नावापाशी थांबले. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर लक्षात आले की जे नाव मी ओलांडले त्याचे आडनाव उत्तर भारतीय होते आणि ज्यापाशी थांबले ते आमच्याकडचे होते. दुसरे कोणतेही कारण मला आठवेना. मी बावीस वर्षे गणित शिकवते. मुलांच्या आडनावाकडे पाहून मी कधी गुण दिलेले नाहीत. आमच्या शेजारी त्याच आडनावाचे कुटुंब राहते आणि त्यांच्या मुलीची बारावीची तयारी मी दोन वर्षे माझ्या घरी करून घेतली. ती मुलगी माझ्या मनात परकी नाही, आणि तरीही त्या यंत्रासमोर तिचे आडनाव मला परके वाटले.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील महिनाभराचे संदेश मागे जाऊन वाचले. घोडबंदर रस्त्यावर आम्ही उन्हाळाभर टँकरचे पाणी विकत घेतो, गायमुखच्या घाटात तास-तास अडकतो, आणि हे दोन्ही विषय गटात वर्षभर असतात. निवडणुकीच्या महिन्यात ते जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी शहरात कोण वाढले, कोणामुळे गर्दी झाली, कोणाची वस्ती कुठे पसरते आहे, असे संदेश होते, आणि त्यांतील बरेचसे 'अनेकदा पुढे पाठवलेला' अशी खूण असलेले होते. संध्याकाळी सासऱ्यांच्या खोलीत वृत्तवाहिनीवरची चर्चा चालू असते. ती मी बसून पाहत नाही, पण स्वयंपाक करताना ती माझ्या कानावर पडतच असते.

म्हणून विचारते. हा पूर्वग्रह माझ्या मनात आधीपासून होता आणि बातम्यांनी त्याला फक्त जागे केले, की बातम्यांनीच तो तयार केला? आणि पुढच्या वेळी मतदानाला जाण्यापूर्वी तो ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

नौपाड्याचा वाचक

ताई, मी तीस वर्षे मराठी वृत्तपत्रांत उपसंपादक होतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अनुभवावरून आणि थोडे वाचनावरून देतो.

माध्यमे मतदाराचे मन घडवतात, अशी समजूत शंभर वर्षांपूर्वी सगळीकडे होती. १९४० मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ईरी परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहाशे मतदारांच्या त्याच गटाला मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून विचारले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. प्रचारामुळे बाजू बदलणारे थोडे निघाले. बहुतेकांनी आपल्या आधीच्या कलाला अनुकूल तेच वाचले आणि ऐकले, आणि प्रचाराने तो कल पक्का झाला. वृत्तपत्र किंवा रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचे बोलणे अधिक परिणाम करते, हेही त्यांना आढळले. आपला सोसायटीचा गट म्हणजे ओळखीच्या माणसाचे बोलणे आणि वृत्तपत्र एकाच ठिकाणी आलेले आहे. वाहिनीवरचा निवेदक परका असतो, परंतु तीच गोष्ट समोरच्या विंगमधल्या काकांनी पाठवली की ती आपण निराळ्या विश्वासाने वाचतो.

मात्र एवढ्यावरून माध्यमे निर्दोष ठरत नाहीत. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅकोम्ब्ज आणि शॉ या दोन अभ्यासकांनी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे, अजून निर्णय न झालेल्या शंभर मतदारांना तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न कोणते असे विचारले, आणि त्यांची उत्तरे त्या काळातील बातम्यांशी ताडून पाहिली. बातम्यांनी ज्या विषयांना जागा दिली तेच विषय जवळजवळ त्याच क्रमाने मतदारांच्या यादीत आले होते. आपल्या गटातून टँकर नाहीसा झाला आणि वस्त्यांचा विषय आला, ते याच वाटेने झाले. पाणी मनात असते तर चौथ्या जागेवर आपण बहुधा उमेदवाराला पाण्याच्या मापाने मोजले असते. माहिती नव्हती म्हणून मोजता आले नसते हे खरे, पण निदान माहिती नाही हे तरी जाणवले असते. मनात वस्ती होती, म्हणून आडनाव हेच माप हाती आले, आणि ते माप इतके सोपे आहे की माहिती नसल्याची जाणीवच होत नाही. म्हणून माझे उत्तर असे, की पूर्वग्रह आपला होता, पण त्या दिवशी तो वर कशामुळे आला याचे उत्तर त्या महिन्याच्या बातम्यांत आणि संदेशांत आहे.

आता आमच्या धंद्यातील एक सवय सांगतो, जिची मला आज खंत वाटते. गुन्ह्याच्या बातमीला मथळा देताना आरोपी नौपाड्यातून किंवा वर्तकनगरमधून पकडला गेला असेल, तर आम्ही 'ठाण्यातून अटक' असे लिहीत असू. तो मुंब्र्यातून पकडला गेला असेल तर 'मुंब्र्यातून अटक' असे लिहीत असू. मुंब्रा ठाणे महापालिकेतच आहे. दोन्ही मथळे खरे होते, एकही शब्द खोटा नव्हता, आणि असे करा म्हणून आम्हाला कोणी सांगितलेलेही नव्हते. पण वीस वर्षे रोज असे मथळे वाचणाऱ्या माणसाच्या मनात एका उपनगराचे नाव गुन्ह्याला चिकटते आणि दुसऱ्याचे चिकटत नाही. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा प्रश्न गाजला, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल केला, आणि त्या विकलेल्या बातमीबद्दल आम्ही सर्वजण योग्य तेवढे संतापलो. न विकलेल्या, सवयीने लिहिलेल्या मथळ्याबद्दल आमच्या कार्यालयात एकदाही चर्चा झाली नाही.

आणखी एक. निवडणुकीच्या काळात एकाच बातमीवर दोन्ही बाजूंचे दूरध्वनी येत आणि दोघेही आम्हाला विकले गेलेले म्हणत. मला तेव्हा वाटे की यावरून आपण मध्यावर आहोत हे सिद्ध होते. पुढे समजले की १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या तीन संशोधकांनी बैरुतच्या १९८२ च्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणी बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या होत्या, आणि त्याच बातम्या दोन्ही गटांना आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या होत्या. वाचकाच्या तक्रारीवरून बातमीचा झुकाव कळत नाही, आणि तक्रार दोन्हीकडून आली म्हणून बातमी सरळही ठरत नाही.

घणसोलीकर

काकांचे म्हणणे पटले, परंतु पूर्वग्रह केवळ परप्रांतीय किंवा अन्य धर्मीयांबद्दल असतो असा समज होऊ नये म्हणून आमच्या बाजूचे लिहितो. त्याच दिवशी नवी मुंबईतही मतदान होते.

मी आगरी कुटुंबातील आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांत आमच्या आजोबांचीही शेती होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. सेक्टरमध्ये राहणारे माझे मित्र, जे मनाने चांगले आहेत, सहज बोलताना म्हणतात की गाववाल्यांना फुकट भूखंड मिळाले आणि वर त्यांनी गावठाणात बेकायदा इमारती बांधल्या. हे वाक्य मी शाळेपासून इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा मी स्वतःच ते एका पाहुण्याला सांगितले, आणि आजी समोर बसलेली होती. ती काही बोलली नाही. भूखंड फुकट नव्हता, तो घेतलेल्या शेतीच्या मोबदल्याचा भाग होता, हे मला माहीत असूनही माझ्या तोंडून ते वाक्य गेले.

१९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा काही विधाने वाचून दाखवली आणि ती कितपत खरी वाटतात असे विचारले. जी विधाने पुन्हा पुन्हा आली ती दर वेळी अधिक खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. ऐकणाऱ्याला ते विधान आवडले पाहिजे असेही नसते, केवळ ओळखीचे झाले की पुरते. ताई, आपण चर्चा बसून पाहत नाही, ती कानावर पडते, असे लिहिले आहे. माझ्या मते जे लक्ष देऊन ऐकले त्यावर आपण प्रश्न विचारतो. नुसते कानावर पडलेले मात्र विनातपासणी आत जाते.

दुसरी बाजूही मान्य करतो. आमच्या गावांत मत भावकीवर ठरते. उमेदवार आपल्यातला आहे एवढे पुरते, आणि तो पाच वर्षांत सभागृहात एकदाही बोलला नाही तरी त्याबद्दल लग्नाच्या मांडवात कोणी विचारत नाही. 'सेक्टरवाल्यांना आपले दुःख कळणार नाही' हे वाक्यही आम्ही तितक्याच वेळा ऐकलेले आहे.

मुंब्र्याहून

नौपाड्याच्या काकांनी मथळ्याबद्दल लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आमचे कुटुंब मूळ रत्नागिरीचे, घरात कोकणी बोली, आणि १९९३ च्या सुरुवातीला मुंबई सोडून माझे वडील येथे आले. नोकरीच्या मुलाखतीत पत्ता वाचल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे.

परंतु मथळा सुधारला की प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. आम्ही कोणाला मत देणार हे बाहेरच्यांनी आधीच ठरवलेले असते. ज्यांना वाटते की आम्ही त्यांना देणार नाही, ते आमच्या गल्लीत येतच नाहीत. ज्यांना वाटते की आम्ही त्यांनाच देणार, ते येतात, पण नळाबद्दल आणि शाळेबद्दल बोलत नाहीत, सुरक्षिततेबद्दल बोलतात. दोघांनाही आमचे काही ऐकायचे नसते. मग आम्हीही जो आला त्याला एकगठ्ठा मत देतो, आणि दुसऱ्या दिवशी वाहिनीवर आमच्या एकगठ्ठा मताची चर्चा होते. आमच्यासमोर दुसरा पर्याय कोणी ठेवला होता का, हे त्या चर्चेत कोणी विचारत नाही. आमच्या बायकांची पहिली तक्रार पाण्याची आहे, आणि ती ताईंच्या सोसायटीच्या तक्रारीहून वेगळी नाही.

निवृत्त शिक्षक, कळवा

मी अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आहे, त्यामुळे यंत्रापाशी प्रत्यक्ष काय घडते ते सांगू शकतो. चार सदस्यांच्या प्रभागात अनेक मतदार एक बटण दाबून बाहेर निघतात. चारही मते नोंदवल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, म्हणून आम्ही त्यांना परत बोलावतो. मागे रांग असते, मतदार संकोचतो आणि उरलेली बटणे घाईने दाबतो. त्या घाईत जे हाताशी असेल त्यावर मत पडते, म्हणजे चिन्ह, आडनाव किंवा शेजाऱ्याने जाता जाता सांगितलेला अनुक्रमांक. ताईंनी रिक्षात बसून स्वतःला कारण विचारले, एवढेही फार थोडे लोक करतात.

एका बाबतीत मात्र ताईंशी माझा मतभेद आहे. पक्ष पाहून दिलेले मत आणि आडनाव पाहून दिलेले मत त्यांनी जवळजवळ एकाच रांगेत ठेवले आहे. पक्षाला भूमिका असते, त्याची मागची पाच वर्षे तपासता येतात, आणि तो चुकला तर पुढच्या वेळी त्याला शिक्षा करता येते. आडनावाला यांपैकी काहीच लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले की धर्म, जात, वंश, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, मग ती ओळख उमेदवाराची असो वा मतदाराची. तो खटला आपल्या शेजारचाच, १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून निघालेला होता. पण कायदा मागणाऱ्याला अडवू शकतो. त्याच आधारावर मनातल्या मनात मत देणाऱ्यापर्यंत तो पोहोचू शकत नाही, आणि गुप्त मतदानात ते योग्यही आहे.

पुढे पाठवलेल्या संदेशांबद्दल बोलायचे तर धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याची आठवण ठेवावी. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तेथे पाच भटक्या माणसांना ठार मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या वर्षी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रसाराचा एक मोठा अभ्यासही प्रसिद्ध झाला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्के अधिक असल्याचे त्यात दिसले, आणि हा फरक यंत्रचालित खात्यांमुळे पडत नव्हता, माणसांमुळे पडत होता. खोटे नवे आणि धक्कादायक असते, म्हणून माणूस ते पाठवतो. निवडणुकीच्या महिन्यात तो मजकूर कोणत्या तरी समाजाबद्दल असतो, एवढाच फरक.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी गेली काही वर्षे एक पद्धत पाळतो आणि तिचा मला उपयोग झाला आहे. निवडणूक जाहीर होताच, उमेदवारांची नावे येण्यापूर्वी, मी वहीत तीन प्रश्न लिहितो, जे त्या सभागृहाच्या अधिकारात येतात असेच. पाणी, कचरा, गटारे, शहरातील रस्ते, प्राथमिक शिक्षण, दवाखाने ही महापालिकेची कामे आहेत. सीमेवर काय व्हावे हे नगरसेवक ठरवत नाही. महिनाभराने, मतदानाच्या आदल्या रात्री, मी वही उघडतो आणि आता मनात कोणते प्रश्न आहेत ते त्याच पानावर खाली लिहितो. दोन याद्या वेगळ्या असल्या, तर मधल्या महिन्यात माझे प्रश्न कोणी बदलले हे मला शोधता येते. २०१७ मध्ये माझ्या दुसऱ्या यादीत पहिल्या यादीतला एकच प्रश्न उरला होता, आणि मी दिवसाला तीन वर्तमानपत्रे वाचणारा माणूस आहे. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचताना मी पत्नीला मोठ्याने वाचायला सांगतो आणि नाव शेवटी सांग म्हणतो. शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, हे सर्व ऐकून मनात क्रम लावायचा आणि मग नाव ऐकायचे. नाव ऐकल्यावर क्रम बदलावासा वाटला, तर तो का वाटला याचे उत्तर स्वतःला द्यावे लागते. ते उत्तर मला दोनदा देता आलेले नाही.

चारही जागांची माहिती मिळवणे सर्वांना शक्य नसते. ज्या जागेबद्दल काहीच ठाऊक नाही तेथे 'नोटा' दाबणे यात कमीपणा मानू नये. २०१३ पासून तो पर्याय आपल्याकडे आहे.

कासारवडवलीची रहिवासी

सर्वांचे आभार. गुरुजींचे म्हणणे वाचून काल रात्री मी चौथ्या जागेवरील त्या दोन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मुलाकडून नाव न सांगता वाचून घेतली. उशीर झालेला आहे हे मला कळते. दोघांचे शिक्षण सारखे, मालमत्ता साधारण तेवढीच, गुन्हा कोणावरही नाही. नाव न ऐकता कोण कोणता हे मला ओळखता आले नाही, आणि निवडायचे झाले असते तर कोणाला निवडले असते हेही सांगता आले नाही. म्हणजे यंत्रासमोर जो फरक मला जाणवला होता तो या कागदांत कोठेही नव्हता. पक्ष आणि आडनाव यांतील फरक गुरुजींनी दाखवला, तो मी मान्य करते.

नोटाबद्दल मात्र मन अजून तयार होत नाही. माहिती नाही म्हणून नोटा दाबला, तर माहिती न मिळवण्याची मला सवय लागेल अशी भीती वाटते. त्यावर आणखी विचार करीन.

घणसोलीकरांचे कानावर पडण्याबद्दलचे वाक्य मी सासऱ्यांना वाचून दाखवले. ते रागावले नाहीत, पण चर्चेचा कार्यक्रम बंद करायलाही तयार नाहीत. आता मी स्वयंपाकघराचे दार लावून घेते.

मुंब्र्याहून लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. आमच्या सोसायटीतील आम्ही काही जणी पाण्याबद्दल निवेदन तयार करत आहोत. ते ज्या महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जायचे आहे, तिच्याकडेच आपलीही तक्रार आहे. आमच्याकडे सध्या सकाळी पाऊण तास पाणी येते आणि दर शुक्रवारी येत नाही. आपल्या गल्लीत किती वाजता येते, किती वेळ राहते आणि आठवड्यातून किती दिवस बंद असते, हे कळवाल का?